चार पानी राजीनामा

घशाच्या डॉक्टरांनी आधी आरसा आत घातला, मग दिवा, आणि मग म्हणाले, "आऽ करा." बाईंनी आऽ केलं. त्यावर डॉक्टरांनी खिडकीकडे मान वळवली. बाहेर कुणीतरी जुनं लोखंडी फाटक उघडतंय असं त्यांना वाटलं असावं. फाटक बाईंच्या घशातच आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"काम काय करता?"

"इंग्रजी शिकवते. मोठ्या माणसांना."

"दिवसाचे किती तास?"

"सहा. शनिवारी आठ."

"माईक असेल ना?"

बाई हसल्या. म्हणजे हसायला गेल्या; फाटक पुन्हा वाजलं.

डॉक्टरांनी कागदावर दोनच ओळी लिहिल्या. तीन महिने संपूर्ण मौन. न पाळल्यास आवाज कायमचा जाण्याची शक्यता. आणि दुसऱ्या ओळीखाली पेनाने अशी रेघ ओढली की कागद फाटता फाटता राहिला.

एखाद्या साधूला तीन महिने मौन सांगितलं तर तो आनंदाने डोंगरावर जाऊन बसेल. पण परदेशात, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, बोलण्याचीच नोकरी करणाऱ्या बाईने कुठे जाऊन बसावं? शिवाय बाईंची संस्था होती एका फर्निचरच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. एकच लांबलचक हॉल, मधे दोऱ्यांवर पडदे, आणि प्रत्येक पडद्यामागे एकेक विद्या. बाईंच्या डावीकडे बारा शिलाई मशिनं चालायची. उजवीकडे लहान मुलं टाळ्या वाजवून आकडे पाठ करायची. खाली दिवसभर खिळे ठोकणं चालायचं. या सगळ्यावरून बाई आपल्या चौदा विद्यार्थ्यांपर्यंत इंग्रजी पोहोचवायच्या, नदीच्या या काठावरून पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा. माईक मागितला होता. संचालक म्हणाले होते, माईकने गुरुशिष्यांच्या नात्यात यंत्र येतं. बारा शिलाई मशिनं त्यांच्या हिशेबी यंत्रं नसावीत.

नोकरी सोडायची हे दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ठरलं. घाईला कारणंही दोन होती. एक म्हणजे करार. दर दोन वर्षांनी तो महिनाअखेरीला संपायचा, आणि त्याआधी राजीनामा मंजूर झाला नाही तर आपोआप आणखी दोन वर्षं पुढे सरकायचा. तो महिना नेमका हाच होता, आणि आज तीन तारीख.

दुसरं कारण आई. आईला शहाऐंशी वर्षं झालेली, आणि कानांनी अलीकडे हळूहळू दुकान आवरायला घेतलेलं. रविवारी फोन झाला की बाई इकडून खरखरायच्या, आईला तिकडे काही ऐकू यायचं नाही, आणि ताई मधे बसून दुभाष्याचं काम करायची.

"काय म्हणते ती?" आई विचारायची.

"म्हणते, जेवलीस का."

"मग तिनेच विचारावं की. तुझ्याकडून कशाला निरोप?" आणि जरा थांबून, "रुसलीय का माझ्यावर?"

हे 'रुसलीय का' बाईंना फार लागलं. एकीचा आवाज चाललाय, दुसरीचे कान चाललेत, आणि दोन वर्षांनी गाठ पडली तर दोघींनी एकमेकींकडे नुसतं बघत बसायचं. तेव्हा तीस तारखेच्या आत सुटायला हवं होतं.

यजमानांचा सल्ला गावाकडून फोनवर, नेहमीप्रमाणे दोन शब्दांत आला. "बघ मग."

बाई राजीनामा लिहायला बसल्या आणि इथेच त्यांचं वळण आडवं आलं. पत्राची सुरुवात आभाराने करायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. दूधवाल्याला 'उद्यापासून दूध नको' अशी चिठ्ठी लिहिली तरी तिच्यात त्याच्या म्हशीची विचारपूस असायची. आणि संचालकांचे आभार तर खरेच होते. बाईंचं इंग्रजी कुठल्या कॉलेजातलं नव्हतं. जुनी वर्तमानपत्रं, औषधांच्या खोक्यांतल्या घड्या घातलेल्या सूचना आणि शेजारणीकडून आणलेला शब्दकोश, एवढ्यावर त्यांनी ते घरी बसून मिळवलेलं. आपल्या गावातल्या सात शाळांनी पदवी नाही म्हणून नाकारल्यावर या माणसाने वीस मिनिटं गप्पा मारल्या होत्या आणि म्हणाला होता, "सोमवारपासून या." हे कसं विसरायचं?

तर पहिलं पान त्या सोमवारवर झालं. दुसरं संस्थेने दिलेल्या संधीवर. तिसरं विद्यार्थ्यांच्या प्रेमावर. चौथ्या पानाच्या मध्याला एकदाचं वाक्य उतरलं, की प्रकृतीच्या कारणास्तव पुढील वाटचालीत आपल्या सोबत असण्याचं भाग्य मला महिनाअखेरीनंतर लाभू शकणार नाही. त्यानंतर पुन्हा आभार.

दोन दिवसांनी बाई कामावर गेल्या तर जिन्याच्या तोंडाशी माणसं जमलेली. भिंतीवर काचेच्या चौकटीत त्यांच्या पत्राचं पहिलं पान लावलं होतं. खाली सोनेरी पट्टी : 'आमच्या शिक्षिका काय म्हणतात'.

बाई तशाच कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकून बाई जाड चष्म्याच्या आणि नियमांना पक्क्या होत्या.

"बाकीची तीन पानं?"

"फायलीत आहेत."

"कुठल्या?"

"कौतुकाच्या."

"अहो, तो राजीनामा आहे."

कारकून बाईंनी चष्मा वर केला. "राजीनाम्याची फाईल वेगळी असते. तुमचा कागद तिच्यात नाही, म्हणजे तो राजीनामा नाही. कौतुकाच्या फायलीतून कागद काढायचा तर साहेबांची सही लागेल."

त्या चौकटीचा परिणाम असा झाला की आठवड्याभरात आठ नवी माणसं इंग्रजी शिकायला दाखल झाली. 'ज्या बाईंनी हे लिहिलं त्यांच्याच वर्गात बसायचं' असा हट्ट धरून. राजीनामा देऊन बाईंचे चौदा विद्यार्थी बावीस झाले. मागची रांग आता जिन्याजवळ गेली आणि नदीचा पलीकडचा काठ आणखी लांब सरकला.

बाईंच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आपल्याकडचंच एक जोडपं राहायचं. नवरा एका कंपनीत हिशेबनीस. सल्ला देताना तो डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने मोजायचा, आणि एकच सल्ला असला तरी बोटं पाचही मोजायचा. त्याची बायको म्हणजे वहिनी. वहिनींचं मन मोठं होतं आणि घर लहान, त्यामुळे दुसऱ्याच्या वस्तूंकडे त्यांचं बारीक लक्ष असायचं.

"लिहायचं कशाला पण?" हिशेबनीस म्हणाला. "तोंडावर सांगायचं. समोर बसायचं, डोळ्यात डोळे घालायचे, सांगायचं. संपलं."

"मी म्हणते," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जाणारच आहात, तर ते कपडे वाळत घालायचं स्टँड घेऊन जाऊ का? परत यायला नको त्यासाठी."

बाईंनी स्टँड दिलं. जाणं नक्की होतं ना.

तोंडावर सांगायचं तर तोंडात आवाज हवा. बाईंनी एक आख्खा दिवस तो साठवला. वर्गात फळ्यावर लिहून काम भागवलं, बसमध्ये तिकीट बोटांनी मागितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाआधी संचालकांसमोर जाऊन बसल्या. पण साठवलेला आवाज घशात विरजून गेला होता. बाहेर आली ती नुसती कुजबुज.

कुजबुज मोठी संसर्गजन्य. संचालकांनी ताबडतोब उठून दार लावलं, खुर्ची जवळ ओढली आणि स्वतःही कुजबुजत विचारलं, "काय झालं?"

"मला आता जमणार नाही," बाई कुजबुजल्या. "एवढ्या आवाजात..."

संचालकांनी हात वर केला. इकडे तिकडे पाहिलं. "समजलो. पुढे बोलू नका. मला संशय होताच."

"अहो, पण मी..."

"तुमचं नाव कुठे येणार नाही."

चोवीस तासांत बारा शिलाई मशिनं हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली. शिवणाचे मास्तर बाईंच्या समोरून जाताना सुईत दोरा ओवायचा असल्यासारखे डोळे बारीक करून बघू लागले. आणि रिकाम्या झालेल्या डाव्या पडद्यामागे संचालकांनी, बाईंना यंत्रांचा त्रास होतो म्हणून, मुद्दाम संगीत आणलं. ट्रम्पेट शिकणाऱ्यांचा वर्ग. आठ जण होते. सगळे पहिल्याच धड्यावर.

"आता मी सांगते ते ऐका," वहिनी म्हणाल्या. "सांगूही नका आणि लिहूही नका. जायचंच बंद करा. चार दिवस गेला नाहीत की आपोआप कळेल त्यांना. आणि हे टेबल... नाही म्हणजे, आमच्या मुलीच्या अभ्यासाला बरं पडेल."

टेबल गेलं. त्याच्या मागून खुर्ची गेली, कारण टेबलाशिवाय खुर्चीला काय अर्थ. पडदे वहिनींनी धुवायला म्हणून नेले आणि ते धुऊन त्यांच्याच खिडकीला वाळले. वीस तारखेपर्यंत बाईंचं अर्धं घर समोर राहायला गेलं होतं आणि बाई मात्र होत्या तिथेच. काही पाहिजे असलं की त्या समोरची बेल वाजवायच्या, आणि वहिनी मोठ्या अगत्याने बाईंना बाईंच्याच खुर्चीत बसवायच्या.

एकवीस तारखेला बाई कामावर गेल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा न सांगता केलेली गैरहजेरी. सकाळी नऊपासून त्या घड्याळाकडे बघत होत्या. दुपारी बेल वाजली. बाईंना वाटलं, वहिनी गादी न्यायला आल्या. दारात वर्गातले दोघं उभे होते. पुढे नर्स, म्हणजे मोठ्या इस्पितळात काम करणारी, पोलादी आवाजाची बाई. मागे क्रेनवाला. हा इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवायचा. पाच महिन्यांत वर्गात 'येस' याच्यापलीकडे त्याने शब्द काढला नव्हता. सबंध दिवस आभाळात एकटं बसायचं तर बोलायची सवय राहायची कशी? त्याच्या हातात गरम पाण्याचा थर्मास होता.

बसायला खुर्ची नव्हती म्हणून तिघं जमिनीवर बसली. बाईंनी खुणेनेच घशाकडे बोट दाखवलं. नर्सने इकडे तिकडे पाहिलं, खिडकीच्या कट्ट्यावरचा डॉक्टरांचा कागद उचलला आणि परवानगी न विचारता वाचला. ती रेघही पाहिली. कागद तिने क्रेनवाल्याला दिला. त्याने बराच वेळ वाचला. मग 'येस' म्हणाला.

थर्मास ठेवून दोघं गेली. दुसऱ्या दिवशी बाई निमूटपणे कामावर हजर. गरम पाणी घेऊन आलेल्या माणसांना तोंड चुकवणं त्यांच्याने होईना.

सव्वीस तारखेला कारकून बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं. "चार दिवस राहिलेत. एका पानावर लिहून आणा. आभार नकोत. आभार दिसले की साहेब चौकट मागवतात."

बाईंनी रात्रीची वाटही पाहिली नाही. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन जमिनीवर टेबलासारखी ट्रंक ठेवून लिहायला बसल्या. पहिलं वाक्य लिहिलं, 'मी नोकरी सोडत आहे.' वाचलं, आणि त्यांना वाटलं की आपण कुणाच्या तरी तोंडावर दार आपटलं. म्हणून त्याच्या आधी एक मऊ वाक्य घातलं. मग त्या मऊ वाक्याला टेकू म्हणून दुसरं. अर्ध्या तासात सोमवार परत आला. बाईंनी तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा शेवटी अशी स्थिती झाली की वाचणाऱ्याने त्यांना बढतीच द्यावी.

समोरच्या हिशेबनिसाने तिन्ही वाचले. एक एक करत पाचही बोटं मोजली. "यातून एवढंच कळतं की तुम्ही फार सुखात आहात."

सत्तावीस तारखेला वर्गात पुस्तकातला अकरावा धडा होता, औपचारिक पत्रं. दोन महिने त्या धड्याची वाक्यं बाई वर्गाकडून घोटून घेत होत्या : आपला अत्यंत आभारी आहे, आपणास तसदी देत असल्याबद्दल क्षमस्व, वगैरे. पडद्यापलीकडे आठ ट्रम्पेट एका सुराच्या शोधात आठ दिशांना निघाले होते. बाईंना बोलणं शक्यच नव्हतं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'नोकरी सोडण्याचं पत्र लिहा. वेळ अर्धा तास.' आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. आपल्याला जमत नाही ते दुसऱ्यांना करायला सांगणं, यालाच शिकवणं म्हणत असावेत, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

बावीस कागद जमले. तास संपल्यावर बाई लाल पेन घेऊन बसल्या.

पहिला कागद वर्गातल्या एका न्हाव्याचा होता. 'साहेब, तुमच्या इमारतीने माझा घसा खाल्ला. आता मला घरी जाऊ द्या.' बाईंना कळेना, न्हाव्याच्या घशाला काय झालं? दुसरा नर्सचा. 'तीन महिने मौन आवश्यक. परवानगी न दिल्यास पुढील जबाबदारी आपली राहील.' तिसऱ्यात लिहिलं होतं, 'माझी आई म्हातारी आहे. तिला माझा आवाज ऐकायचा आहे.' मग बाईंच्या हातातलं पेन खाली आलं. आईचं वर्गात कधीतरी उदाहरण म्हणून सांगितलेलं. 'मला एक आई आहे, ती म्हातारी आहे.' एवढंच.

त्यांनी भराभरा सगळे कागद उलटले. बावीसच्या बावीस जणांनी बाईंचाच राजीनामा लिहिला होता. खाली स्वतःच्या सहीऐवजी बाईंच्या सहीला जागा मोकळी. चौकट वाचून आलेल्या नव्या आठांपैकी एकाने लिहिलं होतं, 'मी तुमच्या दारातलं पत्र वाचून आलो होतो. ते खरं आहे. हेही खरं आहे.'

बाई बराच वेळ डोळे पुसत राहिल्या. मग एक बारीक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि अंमळ रागही आला. बावीस कागदांत एकानेही 'आपला अत्यंत आभारी आहे' लिहिलं नव्हतं. दोन महिने घोटून घेतलेलं.

शेवटचा कागद क्रेनवाल्याचा. अक्षरं विटा रचाव्यात तशी. 'मी तीस तारखेला नोकरी सोडते. माझा घसा आजारी आहे. मी इथे चांगलं काम केलं. नमस्कार.'

'मी इथे चांगलं काम केलं.' बाईंनी चार पानं लिहिली होती, वर आणखी तीन वेळा लिहिलं होतं. पण हे वाक्य लिहिण्याची त्यांची छाती कधी झाली नसती.

लाल पेन खिशात गेलं. बाईंनी निळ्याने खाली सही केली आणि कागद घेऊन त्या थेट संचालकांकडे गेल्या.

संचालकांनी तो वाचला. चार ओळींना किती वेळ लागणार? त्यांनी पेन काढलं, 'मंजूर' लिहिलं, तारीख घातली, कागद परत दिला. सगळं अर्ध्या मिनिटात.

महिनाभर ज्यासाठी जिवाचं रान केलं ते झालं होतं. आता खरं म्हणजे उडी मारायची. पण बाई जागच्या हलेनात. एवढं काय झटपट. माणसाने निदान एकदा तरी 'विचार करा' म्हणावं. वाण्याकडून पिशवी उचलून निघालो तरी तो विचारतो, आणखी काही?

"हे तुम्ही लिहिलेलं नाही," संचालक म्हणाले.

"नाही," बाई कुजबुजल्या. "क्रेनवाल्यांनी."

"वाटलंच." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "तुमची चारही पानं मी त्याच दिवशी वाचली होती."

बाईंना आधी नीट कळलंच नाही.

"चौथंही?"

"चौथंही. मला वाटलं, पहिलं पान दारात लावलं की तुम्हाला सोडून जायला लाज वाटेल. तुम्ही इतकं वळसे घेऊन लिहिलं होतं की न कळल्यासारखं करणं सोपं होतं. इथून आजवर गेलेल्या शिक्षिकांपैकी कुणी जाताना 'येते' एवढंही लिहिलेलं नाही. एक दिवस यायची बंद व्हायची." मग जरासं चाचरत, "ट्रम्पेटचं मात्र खरंच तुमच्यासाठी केलं होतं. मला वाटलं, बरं वाटेल."

बाईंना या माणसाचा राग यायला हवा होता. लबाड तो लबाडच. त्याच्या लबाडीपायी तीन आठवडे घसा आणखी खरवडला होता, टेबल गेलं होतं, पडदे गेले होते. पण कुणीतरी आपण जाऊ नये म्हणून एवढी खटपट केली, हे ऐकून त्यांच्या मानाला झालेली जखम तिथल्या तिथे भरून आली. त्यांनी हात जोडले. आभाराची वाक्यं ओठांवर दाटी करून आलीच होती. कागदावरच्या चार ओळींकडे बघून त्यांनी ती गिळली आणि बाहेर पडल्या.

गिळताना घसा दुखला, पण फार नाही.

निघायच्या दिवशी वहिनी रडल्या. बाईंच्या खुर्चीत बसून रडल्या. वाटेत खायला डबा दिला, विमानतळापर्यंत सोबत आल्या, आणि हिशेबनिसाने बॅगा बोटांवर दोनदा मोजल्या. ज्यांनी घर रिकामं केलं त्यांनीच मन भरून पाठवलं, तेव्हा त्यांना तरी काय म्हणणार?

घरी बाईंचं मौन सुरू झालं. यजमानांना त्यात काही अडचण आली नाही. ताईने आधी पाटी आणून दिली, पण आईला चष्म्यातूनही अक्षर लागेना, तेव्हा पाटी कोपऱ्यात गेली. बाई सकाळपासून आईच्या शेजारी खाटेवर बसू लागल्या, तिचा हात हातात घेऊन. रुसव्याची शंका पहिल्या दिवशीच मिटली. आई बोलायची आणि बाई ऐकायच्या. फोनमध्ये दोन वर्षांत बसलं नव्हतं एवढं बोलणं एका आठवड्यात झालं.

तिसऱ्या आठवड्यात क्रेनवाल्याचं पत्र आलं. पाच ओळींचं; त्यात त्याची क्रेन होती, नर्स होती, न्हावी होता आणि बावीस जणांचा नमस्कार होता. ताईने ते आईच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने मराठीत सांगितलं. आईने मान डोलवली आणि आपल्या परीने सगळं नीट लावून घेतलं.

त्याच दुपारी समोरच्या, खणखणीत आवाजाच्या काकू आल्या, परदेशातून आलेल्या मुलीला बघायला. "काय गं, काय करत होतीस तिकडे एवढी वर्षं?"

बाईंनी घशाकडे बोट दाखवलं.

"तिला बोलायचं नाहीये," आई म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. मला विचार. क्रेन शिकवायची ती."

"क्रेन?"

"इमारती बांधतात ना, ती उंच असते ती. बावीस जणांना शिकवली. नर्स होती एक, तीपण शिकली. न्हावी शिकला. वाऱ्यात, एवढ्या उंचावरून ओरडून ओरडून शिकवायचं म्हणजे घसा जाणारच ना गं."

काकूंनी बाईंकडे असं पाहिलं की तसं त्यांच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बाईंनी चूक सुधारायला तोंड उघडलं. आईने त्यांचा हात दाबला.

"तू गप्प बस," ती म्हणाली. "मी सांगते आहे ना."

बाईंनी तोंड मिटलं, आईच्या खांद्याला खांदा लावला आणि आपण क्रेन कशी शिकवली ते मन लावून ऐकू लागल्या.